मावशी, चिरंजीव आणि ॲक्रनचा गवई

घर विकायला काढलं की सगळ्यात आधी बेसमेंट सूड घेतं. तीस वर्षं आपण जे जे "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून खाली ढकललेलं असतं, ते सगळं एकदम अंगावर येतं. आमच्या बेसमेंटमधून गेल्या शरदात काय काय निघावं? सासूबाईंनी विमानातून आणलेला पाटा (वरवंटा अजून सापडलेला नाही), तीन बिघडलेले व्हीसीआर, मंडळाच्या गणेशोत्सवाचं थर्मोकोलचं मखर, एक नऊवारी लुगडं आणि त्याच्यासोबत एक पांढऱ्या केसांचा टोप. लुगडं आणि टोप दोन्ही आमचंच. म्हणजे आमच्या हिचं नव्हे, आमचं स्वतःचं. त्याचा खुलासा पुढे येईलच.

आणि एक बुटाचा खोका. त्यावर चिरंजीवांच्या हायस्कूलमधल्या अक्षरात 'हात लावू नये' अशा अर्थाची इंग्रजी सूचना. चिरंजीव आता कोलंबसला असतात, स्वतः एका तेरा वर्षांच्या मुलीचे बाप आहेत, आणि त्या दिवशी आम्हाला आवराआवरीत मदत करायला आले होते. त्यांच्या देखतच आम्ही खोका उघडला. आत दहा-बारा कॅसेटी, काही सीड्या. सगळ्यात वर एका सीडीवर अक्राळविक्राळ राक्षसाचं चित्र. ज्युडास प्रीस्ट या बँडची 'जगुलेटर', साल १९९७.

ही सीडी आमच्या घरात एका भांडणाचं कारण होती. सत्तावीस वर्षं आम्ही दोघांनीही त्या भांडणाचं नाव काढलं नव्हतं. मराठी घरात अशा गोष्टींवर बोलत नाहीत, त्यांच्यावर खोके रचतात.

तर मंडळी, सुरुवात मावशीपासून करायला हवी.

१९९७ च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळानं आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' बसवायचं ठरवलं. त्याआधी एकदा आम्ही ते केलं होतं आणि ते इतकं रंगलं होतं की लोक त्या मावशीला ग्रोसरीच्या दुकानातसुद्धा 'मावशी' म्हणून हाक मारायचे. हे आमचे मित्र मूळचे गिरगावातले, अंगात लय, चेहऱ्यावर नुसती भुवई उचलली की हशा. पण तालमी सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि त्यांच्या कंपनीनं त्यांना टेक्सासला हलवलं. प्रयोग सहा आठवड्यांवर आलेला. समितीची बैठक झाली, चहा झाला, आणि सर्वांनी एकमतानं आमच्याकडे पाहिलं. कारण एवढंच, की लुगडं आमच्या मापाचं होतं.

आम्ही काय केलं असेल? जुन्या प्रयोगाची व्हिडिओ टेप मिळवली आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर ती लावून बसलो. आधीची मावशी कुठे थांबते, कुठे वळते, पदर कुठल्या हातानं सावरते, सगळं पाठ केलं. ही म्हणायची, "अहो, तुम्ही मावशी करताय की त्यांची नक्कल?" आम्ही चिडायचो. चिरंजीव सोफ्यावर कानाला हेडफोन लावून बसलेले असायचे. ते ऐकत आहेत असं आम्हाला कधी वाटलं नाही.

प्रयोग झाला. पडला नाही, पण पडला असता तर बरं अशी अवस्था झाली. आम्ही तोंड उघडण्याआधीच लोक हसायचे, कारण पुढचं वाक्य त्यांना आधीच्या मावशीच्या आवाजात ऐकू येत होतं. मग आमच्या आवाजात ते आलं की हशा अर्ध्यावर विरायचा. नंतर जेवणाच्या रांगेत एका काकूंनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "छान केलंत हो! त्यांची फार आठवण आली."

यातून आम्ही सावरतो आहोत तोच ऑक्टोबर आला, आणि चिरंजीवांनी ती सीडी घरी आणली.

आता हा ज्युडास प्रीस्ट काय प्रकार आहे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. आम्हालाही नव्हतं. १९६९ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या परिसरात हा बँड निघाला. नाव घेतलं बॉब डिलनच्या एका गाण्यावरून. हा सगळा मुलूख भट्ट्यांचा आणि ओतकामाचा. बँडचा प्रसिद्ध गायक रॉब हॅलफर्ड हा तिथल्याच वॉल्सॉलचा. शाळेत बसल्या बसल्या कारखान्यांतल्या घणांचे आवाज ऐकू येत, असं त्यानं सांगितलं आहे. गिटार वाजवणारा ग्लेन टिप्टन ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरीला होता. पुढे १९८० साली त्यांनी एका अल्बमचं नावच 'ब्रिटिश स्टील' ठेवलं. चामड्याचे कपडे, खिळ्यांचे पट्टे, स्टेजवर मोटारसायकल घेऊन येणं ही हेवी मेटलवाल्यांची पुढे जी वर्दी झाली, ती रूढ करण्यात या मंडळींचा मोठा हात.

हॅलफर्डचा आवाज हा या बँडचा दागिना. तार सप्तकाच्या वर जिथे आपल्याला वाटतं की आता शिडी संपली, तिथून हा गृहस्थ आणखी चार पायऱ्या चढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला ती किंकाळी वाटली होती. पण किंकाळीला स्वर नसतो, हिला आहे. हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली.

गंमत म्हणजे हॅलफर्ड स्वतःच मुळात बदली गायक. त्याच्याआधी अल ॲटकिन्स नावाचा गायक होता, तो १९७३ मध्ये बाहेर पडला आणि हॅलफर्ड आला. पहिला अल्बम १९७४ चा, म्हणजे रेकॉर्डवर ॲटकिन्सचा आवाज कधी आलाच नाही. पण 'व्हिक्टिम ऑफ चेंजेस' हे त्यांचं गाजलेलं गाणं ॲटकिन्सचं एक गाणं आणि हॅलफर्डचं एक गाणं एकमेकांना जोडून तयार झालं आहे. या गाण्याचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

१९९० मध्ये 'पेनकिलर' हा अल्बम आला आणि नंतर दोनेक वर्षांत हॅलफर्ड वेगळा झाला. मग चार-पाच वर्षं बँडला गायकच नाही. इकडे अमेरिकेत हवा पालटली होती. १९९१ नंतर सिॲटलची पोरं आली, फाटके फ्लॅनेलचे शर्ट आले आणि चामड्याचे कपडे घालणारे काकालोक जुनाट ठरले.

आणि इथे आमचं गाव येतं.

आम्ही या भागात आलो ते रबरासाठी. ॲक्रन म्हणजे एके काळी जगाची रबराची राजधानी. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर, सगळे इथले. जुने लोक सांगतात, वारा वाहील त्या दिशेला रबराचा वास जायचा. आम्ही आलो तेव्हा तो वास विरत चालला होता. टायरचे कारखाने एकेक करून बंद होत होते, आणि १९८८ साली फायरस्टोन जपानी ब्रिजस्टोननं घेतली. आमच्यासारखे देसी इंजिनिअर आणि युनिव्हर्सिटीतले पॉलिमरवाले तेवढे टिकले. कामगारांच्या वस्त्या मात्र सुकत गेल्या.

अशाच केनमोर नावाच्या कामगार वस्तीतल्या हायस्कूलचा एक विद्यार्थी म्हणजे टिम ओवेन्स, जन्म १९६७ चा. दिवसा ऑफिसांना लागणारं सामान विकायचा, रात्री गायचा. स्वतःच्या 'विंटर्स बेन' या बँडबरोबर त्यानं १९९३ मध्ये एक अल्बमही केला होता. पण लोकांना तो आवडायचा ते दुसऱ्याच कामासाठी. 'ब्रिटिश स्टील' याच नावाचा एक बँड होता. ही मंडळी फक्त ज्युडास प्रीस्टची गाणी करायची आणि त्यात हॅलफर्डच्या जागी हा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात 'व्हॉईस ऑफ मुकेश', 'व्हॉईस ऑफ किशोर' असायचे ना, त्यातला प्रकार.

पेनसिल्व्हेनियात ईरी या गावी झालेल्या एका कार्यक्रमाची कोणीतरी व्हिडिओ टेप केली. ती फिरत फिरत ज्युडास प्रीस्टचा ड्रमवाला स्कॉट ट्रॅव्हिस याच्या हाती लागली. त्यानं ती बाकीच्यांना दाखवली. १९९६ साली ओवेन्सला वेल्समधल्या स्टुडिओत बोलावणं गेलं. तिथे त्याला पहिलं गाणं गायला दिलं ते 'व्हिक्टिम ऑफ चेंजेस'. दोनेक ओळी झाल्या असतील नसतील, टिप्टननं थांबवून सांगितलं की नोकरी तुझी. बँडचं 'द रिपर' हे गाणं त्यानं असं काही म्हटलं की तेव्हापासून त्याचं टोपणनाव 'रिपर' पडलं.

न्यूयॉर्क टाइम्सनं १९९७ च्या जुलैत याच्यावर मोठा लेख छापला. आम्ही ॲक्रन हा शब्द पाहून तो वाचला. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या गावाचं नाव पेपरात दिसलं की कसं होतं! मग ते गाव सातारा असो की ॲक्रन. मात्र तेव्हा आमच्या डोक्यात मावशी होती, म्हणून आम्ही कात्रण काढून ठेवलं आणि विसरलो.

सीडी घरी आली त्या आठवड्यात चिरंजीवांचा एक मित्र आला होता. दोघांची जुंपली होती. मित्र म्हणत होता हा खरा प्रीस्ट नाही, हॅलफर्ड नाही तर प्रीस्ट नाही. चिरंजीव तावातावानं नव्या गायकाची बाजू लढवत होते. मित्र गेल्यावर आम्ही विचारलं, "तुला एवढं काय पडलंय त्याचं?" तेव्हा सोळा वर्षांचे असलेले आमचे चिरंजीव आपल्या अमेरिकन मराठीत म्हणाले, "बाबा, तो तुमच्यासारखा आहे ना. सगळे त्याला बघतात पण दुसऱ्या माणसाला बघतात."

म्हणजे हेडफोन लावून बसलेलं पोर सगळं पाहत होतं.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून 'जगुलेटर' ऐकली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही हेवी मेटल मुद्दाम बसून ऐकलं. हिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आम्ही प्रश्न विचारायचे, चिरंजीवांनी सीडीतली पुस्तिका उघडून शब्द दाखवायचे, असा आमचा तो क्लास दोन-तीन संध्याकाळी चालला. मुलाला शिकवायची सवय असलेल्या बापानं मुलाकडून शिकायचं, यात जी मजा आहे ती ज्यांनी घेतली त्यांनाच कळेल.

अल्बमविषयी आमचं मत आता विचाराल तर सांगतो. आवाज पहिल्या दर्जाचा. वरच्या पट्टीत हॅलफर्डच्या तोडीचा आणि खालच्या पट्टीत अधिक रांगडा, घोगरा. गिटारी खाली उतरवून लावलेल्या, सगळा नाद जड आणि काळा. जुन्या प्रीस्टमध्ये चाल असायची, आपण नकळत गुणगुणू अशी. इथे तिच्यावर रोडरोलर फिरवलेला. त्या काळच्या तरुण, आक्रमक बँडांशी म्हाताऱ्यांनी लावलेली ही स्पर्धा होती, आणि ती जाणवते. शब्द तर बहुतेक ठिकाणी बाळबोध. मुंडकी उडवणं, फाशीची कोठडी, नरकात जळणं. एक गाणं मात्र वेगळं. शेवटचं, 'कॅथीड्रल स्पायर्स'. नऊ मिनिटांचं. सुरुवातीला अगदी हलक्या आवाजात, एखादा गवई षड्ज लावून बसतो तसा ओवेन्स गातो, मग हळूहळू चढत जातो. त्या दोन मिनिटांत हॅलफर्ड आठवत नाही. तिथे तो ॲक्रनचा मुलगा एकटा उभा आहे.

आणखी एक गोष्ट चिरंजीवांनी दाखवली. अल्बममधली सगळी गाणी टिप्टन आणि दुसरा गिटारवाला के. के. डाउनिंग या दोघांच्याच नावावर. नव्या गायकाचं नाव एकाही गाण्यावर नाही. म्हणजे लुगडं आधीच शिवून ठेवलेलं, यानं फक्त नेसायचं.

आम्ही त्याला मग आपल्या नाटक कंपन्यांच्या गोष्टी सांगितल्या. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले तेव्हा लोकांना वाटलं संगीत नाटक संपलं. चार वर्षांनी तिथे नारायण राजहंस नावाचा मुलगा उभा राहिला, ते बालगंधर्व. ते १९१३ मध्ये बाहेर पडले तेव्हा पुन्हा सगळे हळहळले, आणि मग त्याच किर्लोस्कर मंडळीत पोरसवदा दीनानाथ मंगेशकर आले. त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केली असती तर आज कोणी नाव घेतलं नसतं. कुमार गंधर्वांचंही सांगितलं. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणून दाखवायचे, टाळ्या मिळायच्या, पण ते कुमार झाले ते पुढे, ती सगळी गाणी बाजूला ठेवून. चिरंजीवांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण बाबा, ऑडियन्स तेच गाणं मागत असेल तर?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

हे असं सगळं छान चाललेलं असताना आम्ही घाण केली.

१९९८ साली बँड या अल्बमसाठी अमेरिकेत दौऱ्यावर होता. गाडीनं दोन तासांवर असलेल्या एका गावी कार्यक्रम होता. चिरंजीवांचे तीन मित्र जाणार होते, त्यातल्या एकाचा मोठा भाऊ गाडी चालवणार होता. चिरंजीवांनी विचारलं आणि आम्ही नाही म्हणालो.

का म्हणालो ते प्रामाणिकपणे सांगतो. त्या सुमारास एका पॉटलकला हा विषय निघाला होता. एकानं रीनोच्या खटल्याची गोष्ट सांगितली. १९८५ च्या डिसेंबरात नेव्हाडातल्या दोन तरुण मुलांनी याच बँडचं एक जुनं गाणं ऐकत बसल्यानंतर स्वतःला गोळ्या घालून घेतल्या होत्या. एक जागीच गेला, दुसरा फार वाईट रीतीनं जखमी झाला आणि तीन वर्षांनी गेला. घरच्यांचं म्हणणं होतं की त्या रेकॉर्डमध्ये कानाला न जाणवणारा आदेश लपवलेला आहे. आदेश म्हणे असा, की करून टाक. १९९० च्या उन्हाळ्यात खटला उभा राहिला. हॅलफर्डनं कोर्टात गाऊनसुद्धा दाखवलं. न्यायाधीशांनी शेवटी दावा फेटाळला. जे ऐकू येतं ते गिटारीचा सूर आणि गायकाचा श्वास एकत्र पडल्यामुळे योगायोगानं तयार झालेलं आहे, असा निवाडा झाला. पण पॉटलकमध्ये निवाड्यापर्यंत कोणी पोचलं नाही. दोन मुलं गेली, एवढंच ताटात पडलं. आणि आम्हीही पुढे चौकशी केली नाही. घरी आलो, चिरंजीवांच्या खोलीबाहेर उभे राहिलो, आतून तो आवाज येत होता, आणि इतके दिवस जो आवाज आम्ही मजेत ऐकला होता त्याची आम्हाला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती पुस्तिका मागून घेतली आणि एकेका गाण्याचे शब्द वाचून दाखवत विचारलं, "हे? हे ऐकायला जायचंय तुला?"

चिरंजीवांनी वाद घातला नाही. पुस्तिका परत घेतली, सीडीत नीट सरकवली आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही विचारलं म्हणून मी तुम्हाला हे दाखवलं होतं."

बास. त्यानंतर घरात गाणी वाजली ती फक्त हेडफोनमध्ये. पुढे दोन वर्षांनी ते कॉलेजला गेले. आमचं सगळं छान होतं, सणावारी फोन, सुट्टीत घरी येणं, ग्रॅज्युएशनचे फोटो. पण आमच्या मुलानं आपणहून "बाबा, हे ऐका" असं त्यानंतर कित्येक वर्षं म्हटलं नाही. आपल्यातल्या पुष्कळ घरांत असं काहीतरी झालेलं असणार. आपण मुलांना वाईट गोष्टींपासून वाचवायला गेलो, आणि काही वेळा ती ज्या एका दारानं आपल्याला आत घेत होती तेच दार आपण लावलं. त्या वेळी आपल्याला दुसरं काय सुचणार होतं, असंही वाटतं. आपल्या आईवडिलांनी आपल्याला सिनेमाला पाठवतानाही दहा प्रश्न विचारले होते.

इकडे ओवेन्सचं काय झालं? 'जगुलेटर' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ८२ व्या क्रमांकापर्यंत पोचला. 'पेनकिलर' २६ वर गेला होता. टीकाकारांची मतं दोन्हीकडची, मोठ्या रिंगणांऐवजी लहान सभागृहं. त्यातलं 'बुलेट ट्रेन' हे गाणं मात्र १९९९ च्या ग्रॅमीसाठी नामांकनात होतं. २००१ साली 'डिमॉलिशन' हा दुसरा अल्बम आला, तो १६५ वर अडकला. त्याच वर्षी ओवेन्सच्या कहाणीवरून सुचलेला 'रॉक स्टार' नावाचा सिनेमाही आला. मार्क वॉलबर्ग आणि जेनिफर ॲनिस्टन. बँडनं त्याच्याशी आपला संबंध नाही असं सांगून टाकलं. आम्ही तो हिच्याबरोबर पाहिला, हिला आवडला.

आणि २००३ च्या जुलैत हॅलफर्ड परत आला. टेक्सासला गेलेली मावशी एक दिवस दारात उभी राहावी तसा. २००५ चा पुनर्मीलनाचा अल्बम थेट १३ व्या क्रमांकावर. लोक खूश. ओवेन्सनं फार आदळआपट केली नाही, दुसऱ्या बँडांत गात राहिला, राहायला ॲक्रन भागातच राहिला. अशी बदली दर वेळी फसतेच असंही नाही. १९८० साली एसी-डीसीचा गायक वारला आणि पाचच महिन्यांत नव्या गायकासह आलेला अल्बम जगभर प्रचंड खपला. ब्लॅक सबाथचंही त्याच वर्षी नव्या गायकामुळे पुनरुज्जीवन झालं. पण तिथे आधीचा माणूस तेव्हा परत येणार नव्हता, किंवा या जगात नव्हता. आयर्न मेडननं १९९५ मध्ये बदली गायक घेऊन अल्बम काढला आणि १९९९ मध्ये जुना माणूस परत आला. जुना परत येऊ शकत असेल तर नव्याचं काही खरं नसतं.

२०२२ साली ज्युडास प्रीस्टला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. हे हॉल आमच्या घरापासून चाळीसेक मैलांवर, क्लीव्हलंडच्या तळ्याकाठी. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ते दाखवलेलं आहे, मग त्यांना रॉक आवडो न आवडो. सन्मानाच्या यादीत बँडच्या जुन्या ड्रमरांची नावं होती. २०११ मध्ये बँड सोडून गेलेल्या डाउनिंगचंही होतं. ओवेन्सचं नव्हतं. दोन अल्बम आणि सात वर्षं धरली गेली नाहीत. चाळीस मैलांवरचा मुलगा आणि त्याला तेवढ्यातच जागा नाही! आमच्या हिनंसुद्धा "हे काही बरं नाही केलं" असा निर्णय दिला, आणि ही प्रीस्टची चाहती नव्हे हे सांगायला नकोच.

डाउनिंगनं मात्र २०२० मध्ये 'केकेज प्रीस्ट' नावाचा नवा बँड काढला आणि गायक म्हणून ओवेन्सला बोलावलं. त्यांचे २०२१ आणि २०२३ मध्ये दोन अल्बम आले. यातला पहिला चिरंजीवांनीच आम्हाला फोनवर पाठवला होता. सोबत काही लिहिलं नव्हतं. आम्ही ऐकला आणि नुसता अंगठा पाठवला. आमचं संभाषण एवढंच.

तर त्या दिवशी बेसमेंटमध्ये खोका उघडा, आम्ही दोघं फरशीवर बसलेलो. आम्ही सीडीतली पुस्तिका काढली. एका पानाला घडी पडलेली होती, आम्ही धरून वाचलं होतं तेच पान. वाटलं, आता नाही बोललो तर हे घर विकलं जाईल आणि राहून जाईल. म्हणालो, "त्या वेळी तुला जाऊ द्यायला हवं होतं."

"कुठे?" चिरंजीवांनी विचारलं. ते थर्मोकोलच्या मखरावर टेप लावत होते.

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी टेप पूर्ण लावली, दातानं तोडली, दुसरा खोका ओढला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "ट्वेल्थ रो होती. तिकीट मी आधीच घेतलं होतं. नंतर विकलं."

आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ते विचारायला आले होते तेव्हा तिकीट त्यांच्या खिशात होतं.

थोड्या वेळानं त्यांनी लुगडं आणि टोप उचलून विचारलं, "हे काय करायचं? डोनेट?" आम्ही म्हटलं, टाकून दे. तर म्हणाले, "नको. मुलीला दाखवतो. तिच्या शाळेत प्ले आहे, तिला दुसऱ्या मुलीच्या जागी घेतलंय, ती रडत होती." मग लुगड्याचा खोका कोलंबसच्या गाडीत गेला. बुटाचा खोकाही गेला. फक्त 'जगुलेटर' राहिली, कारण चिरंजीवांच्या नव्या गाडीत सीडी घालायला जागाच नाही आणि आमच्या जुन्या टोयोटात आहे.

दुसऱ्या दिवशी जुनं सामान द्यायला आम्ही तिघं निघालो. चिरंजीव चालवत होते, आम्ही शेजारी, ही पाट्यासह मागे. गाडी सुरू होताच त्यांनी सीडी आत सरकवली आणि थेट शेवटचं गाणं लावलं. सुरुवातीची हलकी दोन मिनिटं झाली. मग तो चढला. आरशात पाहिलं, हिनं कानावर हात ठेवले नव्हते.

"हा आपल्या ॲक्रनचाच ना?" हिनं मागून विचारलं.

"हो, केनमोरचा," चिरंजीव म्हणाले आणि आवाज आणखी दोन घरं वाढवला.